मास्तरांचं मागणं

आमच्या तळ्याची आठवण निघाली, की नरहरमास्तर अजून डोळ्यांपुढे येतात. नोकरी सोडून ते काठावरच्या झोपडीत राहायचे आणि पुस्तकं लिहायचे. सामान म्हणाल तर एक घोंगडी, तवा अन् दौत.

एकदा संस्थानचे दिवाण तिथे हवापालटाला आले. चार गाड्या भरून गाद्यागिरद्या आणल्या, तरी रात्रभर कूस बदलत राहिले. सकाळी झोपडी पाहून म्हणाले, "मास्तर, काय ही दैना! हवं ते मागा. नाही म्हणालात, तर दरबाराचा अपमान समजून झोपडी उठवीन."

मास्तर हसले. "दिवाणसाहेब, ज्या वस्तूनं आपल्याला शांत झोप लागते, तेवढी एक पाठवा."

गाडी काही आली नाही. निवृत्त झाल्यावर मात्र दिवाणच आले, काखोटीला घोंगडी मारून.