उपडा कप

तुर्कस्तानातल्या मार्दिनमध्ये शाल्मलीला गजबजलेला बाजार आणि भरलेली ताटं अपेक्षित होती. भेटली ती दगडी, मुकी गल्ली आणि रिकाम्या खानावळीत एकटेच बसलेले मालक, नेजातकाका. वरच्या स्वस्त खोल्याही त्यांच्याच. एकट्या प्रवाशाला मसुराच्या सूपानंतर ते कॉफी पाजत, रिकामा कप बशीवर उपडा घालत आणि गाळात भविष्य वाचत. ते ऐकून घाबरलेल्या एका कोरियन मुलीने चार दिवस गाव सोडलं नव्हतं.

त्या संध्याकाळी शाल्मली आणि काका, दोघांनी कॉफी घेऊन कप उपडे घातले. थोड्या वेळाने काकांनी शाल्मलीपुढचा कप उचलला आणि आवाज खाली आणला.

"मुली, कबर दिसतेय. तीन दिवसांत. इथून हलू नकोस."

"नक्की?"

"चाळीस वर्षांत माझं वाचन चुकलेलं नाही."

"मग जपा, काका. तुम्ही दार लावायला उठलात तेव्हा मी कप बदलले. हा तुमचा आहे."

जिन्यात उभी असलेली कोरियन मुलगी हसली. काका हसले नाहीत.

सकाळी ती मुलगी पहिल्या बसने निघून गेली. काका मात्र तो कप धरून तिथेच बसले होते, रात्रभर जागे, समोरच्या सुपाला हातही न लावता. शाल्मलीने पाठीवरची पिशवी उतरवली आणि तीन दिवस संपेपर्यंत त्यांच्यासोबत राहायचं ठरवलं.