लवू आणि जहाजाचा दोर

एका खाडीकाठच्या गावात लवू तांडेल नावाचा एक भोळा होता. गाव लहान आणि लवूचा भोळेपणा मोठा. तो गावात मावेना. विहिरीवर लक्ष ठेव म्हटले, तर तो विहिरीकडे बघत बसला आणि मागून गुरांनी परसातली भाजी खाल्ली. विहीर मात्र जागच्या जागी होती, हे त्याने आईला मुद्दाम दाखवून दिले. शेवटी कंटाळून आईने आपल्या भावाला कळवले की, याला तुझ्याकडे घे.

हा भाऊ, म्हणजे लवूचा काशीमामा, कॅरिबियन समुद्रातल्या सांता मोरेना नावाच्या बेटावर राहत होता. तरुणपणी तो बोटीवर खलाशी होता. एकदा त्या बेटावर उतरला. माड दिसले, मासे दिसले, दुपारी झोपणारी माणसे दिसली. आपल्याच गावी आलो असे त्याला वाटले आणि तो परत चढलाच नाही. आता तो तिथल्या बंदरात दोरवाल्यांचा मुकादम होता.

दोरवाल्यांचे काम साधे असते. जहाज धक्क्याजवळ येते. जहाजावरून जाडजूड दोर फेकतात. खालच्यांनी तो धरायचा, ओढायचा आणि त्याचा फास धक्क्यावरच्या लोखंडी खुंट्यात अडकवायचा. जायच्या वेळी काढायचा. एवढे केले नाही तर जगातले कितीही मोठे जहाज कितीही लहान बेटाला लागू शकत नाही.

सांता मोरेनावर पूर्वी ऊस होता, तो गेला. मग केळी होती, तीही गेली. उरला तो धक्का. दर मंगळवारी सकाळी पर्यटकांचे एक जहाज तिथे येई. जहाज कसले, एखादी उंच इमारत पाण्यावरून चालत येऊन गावाच्या तोंडासमोर उभी राहावी तसे ते दिसे. ते दिसले की बेट जागे होई. दुकाने उघडत. बायका आपल्या आज्यांनी कधीही न नेसलेले पारंपरिक पोशाख चढवत. वादक स्वतःला मुळीच न आवडणारी आनंदी धून वाजवू लागत. चारला भोंगा होई, जहाज जाई, आणि बेट आपले हसू उतरवून खुंटीला टांगून ठेवी. याला तिथे अर्थव्यवस्था म्हणतात. माझी समजूत चुकीची असेल, पण इतरत्रही यालाच म्हणत असावेत.

आता शेजारच्या बेटानेही एक धक्का बांधला होता. नवाकोरा, लांबरुंद, पांढराशुभ्र. त्याला एकच गोष्ट कमी होती, ती म्हणजे जहाज. जहाजाच्या कंपनीचा एक डोळा तिकडे होताच. बंदराचे मुख्य अधिकारी ऑगस्टीनसाहेब यांनी मामाला बोलावून बजावले होते की, प्रवाशांच्या तक्रारी जाऊ लागल्या तर जहाज शेजारी जाईल. जहाज गेले तर बेटाने खायचे काय? आणि दोरवाल्यांनी ओढायचे काय?

अशा नाजूक वेळी मामाने लवूला कामावर घेतले. नात्यातला माणूस म्हटल्यावर दुसरे काय करणार!

पहिल्या मंगळवारी मामाने त्याला शिकवले. जहाजावरून जे येईल ते धरायचे, ओढायचे, खुंट्यात अडकवायचे, आणि मी सांगेपर्यंत सोडायचे नाही. लवूने मान डोलावली. दोर आला, लवूने धरला, ओढला, अडकवला. मामाला बरे वाटले. तो चहा प्यायला गेला.

मग जहाजाचा जिना खाली आला आणि पहिले प्रवासी गृहस्थ उतरले. त्यांच्या गळ्यात कॅमेरा होता आणि कॅमेऱ्याला चांगला रुंद पट्टा होता. लवूने पट्टा धरला, ओढला आणि खुंट्यात अडकवला. पट्ट्याबरोबर गृहस्थही आले. मामा चहा पिऊन परत येईपर्यंत ते तिथेच वाकून उभे होते. मागच्या प्रवाशांना वाटले, हा इथला स्वागताचा प्रकार असावा. ते रांग लावून आपापली पाळी येण्याची वाट बघू लागले. दोघातिघांनी तर टोप्यांच्या नाड्या आधीच सोडून हातात धरल्या होत्या.

गृहस्थांनी तक्रार केली. ऑगस्टीनसाहेबांनी मामाला झाडले. मामाने लवूला झाडले.

"मेल्या, माणसाक कोण खुंट्याक बांधता?"

"जहाजावरसून इलो मा तो," लवू म्हणाला.

मामाने कपाळावर हात मारला आणि समजावले. धक्क्यावर प्रवासी दिसला की हसायचे, हात जोडायचे, गळ्यात फुलांची माळ घालायची आणि म्हणायचे, या, हे बेट तुमचेच आहे. हे वाक्य त्याने लवूकडून इंग्रजीत पाठ करून घेतले. लवू ते आठवडाभर माडांना म्हणून दाखवत होता.

पुढच्या मंगळवारी तो माळा घेऊन धक्क्यावर उभा राहिला. सकाळ फार छान गेली. दुपारी बाजाराच्या बाजूने एक प्रतिष्ठित प्रवासी पळत आले. त्यांच्या मुठीत घड्याळ होते आणि मागून घड्याळाचा दुकानदार ओरडत येत होता. लवूला प्रवासी दिसला. तो हसला, त्याने हात जोडले, माळ घातली आणि स्पष्ट शब्दांत म्हणाला की, हे बेट तुमचेच आहे. मग धापा टाकत आलेल्या दुकानदाराला त्याने अडवले आणि त्यालाही माळ घातली. उगाच कुणी नाराज व्हायला नको.

चौकशी झाली. प्रवासी महाशय शांतपणे म्हणाले की, बंदराच्या गणवेशातल्या माणसाने मला सगळे बेट दिले, मी त्यातले एक घड्याळ घेतले. यात हावरटपणा तो काय! कायद्याच्या जाणकारांनी पुस्तके उघडली आणि परत मिटली. अशा रीतीने बेटे जाण्याचा प्रकार तिकडे पूर्वी एकदा झालेला होता, त्यामुळे लोकांना तो विषय नकोसाच होता. महाशय घड्याळासह गेले. वर त्यांनी तक्रारही केली की, दुकानदार अंगावर ओरडतात.

ऑगस्टीनसाहेब या वेळी ओरडले नाहीत. ते हळू आवाजात बोलले, त्यामुळे मामा जास्त घाबरला. त्याने लवूला नवा धडा दिला. जहाजाकडे कुणी पळत येताना दिसला की आडवे व्हायचे. त्याला घट्ट धरून ठेवायचे. तो रडो, ओरडो, सोडायचे नाही. लवूने हाही धडा पाठ केला.

आता त्या बंदरात दर आठवड्याला एक गंमत होते. कुणीतरी प्रवासी खरेदीच्या नादात उशीर करतो आणि चारच्या सुमारास पिशव्या सांभाळत धक्क्यावरून पळत सुटतो. जहाजावरचे लोक वरच्या मजल्यावर पेले घेऊन कठड्याशी उभे राहतात, पळणाऱ्याकडे बघून टाळ्या वाजवतात, पैजा लावतात. तेवढे बघण्यासाठी काही जण बेटावर उतरतच नाहीत, असे ऐकतो.

त्या मंगळवारी एक निवृत्त न्यायाधीश बाई पळत होत्या. दोन्ही हातांत टोपल्या, डोक्यावर एकावर एक तीन टोप्या. लवूने आडवे होऊन त्यांना धरले. बाई रडल्या, ओरडल्या. त्यांनी कलमेही सांगितली. लवूने सोडले नाही. वरून टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या वाजवणाऱ्यांत बाईंचे पतीही होते. भोंगा झाला आणि जहाज गेले.

बाईंना पुढचे जहाज येईपर्यंत मामाच्या घरी राहावे लागले. त्या रोज बांगड्याचे तिखले खात आणि रोज तक्रार लिहीत. कंपनीकडे बाईंची तक्रार गेली आणि बाईंच्या पतीचे आभाराचे पत्रही गेले. कंपनीने फक्त तक्रार मोजली.

मग ऑगस्टीनसाहेबांनी शेवटचे सांगितले. पुढच्या मंगळवारी पर्यटनमंत्री स्वतः धक्क्यावर येणार होते. जहाज यापुढे कायम सांता मोरेनालाच लागेल, असा करार कंपनीबरोबर व्हायचा होता. त्या दिवशी एक जरी माणूस धक्क्यावर मागे राहिला, तर करार नाही, जहाज नाही आणि काशिनाथ मुकादमांची नोकरीही नाही.

मामा रात्रभर तळमळला आणि सकाळी लवूला घेऊन बसला. चारच्या आधी धक्का रिकामा झाला पाहिजे, त्याने सांगितले. जो कोणी दिसेल त्याला उचल आणि जहाजात घाल. तो कोण, कुठला, काय म्हणतो, काही ऐकू नकोस. आणि भोंगा झाला की शेवटचा दोर काढ. एवढे नीट केलेस तर आपण सगळे तरलो.

मंगळवारी जहाज आले. दिवस इतका निर्विघ्न गेला की मामाने देवापुढे ठेवायचा नारळही निवडून ठेवला. प्रवासी वेळेआधीच परत चढले. चारला थोडा अवकाश असताना निरोपाचा समारंभ सुरू झाला. लाल गालिच्यावर मंत्री उभे राहिले. त्यांच्या हातात भाषण होते. शेजारी ऑगस्टीनसाहेब, मागे वादकांचा ताफा, एका बाजूला गणवेशातले दोरवाले. दोरवाल्यांनी बाकीचे दोर काढले होते, एकच शिल्लक होता.

लवूने बघितले. चार वाजत आले होते आणि धक्क्यावर माणसेच माणसे होती.

त्याने आधी मंत्र्यांना उचलले. मंत्री म्हणाले, मी मंत्री आहे. लवूने काही ऐकले नाही. मंत्र्यांना जहाजात घातले, त्यांच्यामागे ऑगस्टीनसाहेबांना घातले. जहाजाच्या दारावर एक पहारेकरी प्रत्येकाचे कार्ड तपासत असे. त्याने कार्ड मागितले, तर लवूने त्यालाही आत ढकलले. वादकांना वाटले की कार्यक्रम आत हलला. ते वाजवत वाजवत आपणहून गेले. दोरवाले लवूला आवरायला धावले, ते एकेक करून आत पडले. शेवटी मामा आला. तो काहीतरी जोरजोरात सांगत होता. काय म्हणतो ते ऐकायचे नव्हते, म्हणून लवूने ऐकले नाही. मामाला मात्र त्याने सांभाळून ठेवले. शेवटी आईचा भाऊ.

जिना वर गेला. भोंगा झाला. लवूने शेवटचा दोर काढला.

धक्का इतका रिकामा कधीच झाला नव्हता.

आतल्या लोकांनी कप्तानाला थांबायला सांगितले. कप्तानाने धक्क्यावरच्या पाटीकडे बोट दाखवले. 'जहाज कुणासाठीही थांबणार नाही' असे त्या पाटीवर होते आणि खाली ऑगस्टीनसाहेबांची सही होती. जहाज आणि धक्का यांच्यात पाण्याची पट्टी रुंद होऊ लागली. मामा कठड्यावर ओणवून, सगळा जीव गोळा करून ओरडला.

"लवू, आता मी धक्क्यार येवन सांगीपर्यंत कशाक म्हणून हात लावू नको!"

लवूने हात वर करून कळले असे दाखवले.

पुढे काय झाले, तर या मंडळींजवळ पासपोर्ट नव्हते. वाटेतल्या एकाही बंदराने त्यांना उतरू दिले नाही. आठवडाभर ती जहाजावरच फिरली. मंत्री पहिल्या दिवशी उपोषण करणार होते, पण जेवणाची टेबले बघून त्यांनी ते पुढे ढकलले. वादकांना रोज संध्याकाळी वाजवावे लागले. ऑगस्टीनसाहेबांनी कंपनीच्या लोकांना बाजूला घेऊन समजूत काढली. झाले ते झाले, मंगळवारी सांता मोरेनाला पोचताच करारावर सही करू, असे ठरले. कंपनीचे मनही पालटले होते. मामाने देवाला हात जोडले. नोकरी वाचली.

मंगळवारी सकाळी जहाज सांता मोरेनासमोर आले. सगळी मंडळी कठड्याशी जमली. मंत्र्यांनी भाषण हातात घेतले. जहाजावरून दोर फेकला गेला. तो लवूच्या पायाशी पडला.

लवू खुंट्यावर हात जोडून बसला होता.

दोर घसरत पाण्यात गेला. दुसरा फेकला. तो लवूच्या मांडीवर पडला आणि तिथूनही घसरला. धक्क्याच्या फाटकाबाहेर गाव जमा झाले होते, पण बंदराचा बिल्ला नसलेल्याने दोराला हात लावायचा नाही असा ऑगस्टीनसाहेबांचाच नियम होता आणि पलीकडे पोलीस उभा होता. सगळ्या बेटावर बिल्लावाला एकच उरला होता.

"दोर धर रे मेल्या!" मामा वरून ओरडला. "मी सांगतंय, धर!"

लवूने मान वर केली. मामाचा आवाज त्याला नीट ऐकू आला होता. त्याने मामा कुठे उभा आहे ते पाहिले आणि नम्रपणे म्हणाला, "मामानू, आधी तुम्ही धक्क्यार येवा. मगे सांगा."

मामाने शिव्या दिल्या, मग विनवले, मग आईची शपथ घातली. प्रत्येक वेळी लवूने तेच उत्तर दिले आणि प्रत्येक वेळी हात थोडे अधिक घट्ट जोडले. कप्तानाने घड्याळात पाहिले. दोन लांब भोंगे दिले आणि जहाज वळवले.

शेजारच्या बेटाला धक्का होता, पण स्वागताला वादक नव्हते, दोर धरायला सराईत माणसे नव्हती, कारभार बघायला अनुभवी साहेब नव्हता आणि भाषण करू शकेल असा मंत्रीही नव्हता. त्या दिवशी हे सगळे एकाच जहाजातून आले. त्या बेटाने कागदपत्रांची अट तिथल्या तिथे माफ केली. मंत्र्यांनी लिहून आणलेले भाषण वाचले, फक्त बेटाचे नाव तेवढे बदलले. कायमचा करार झाला. मामाला मुकादमाची जागा मिळाली. त्याने ती घेतली, दुसरे काय करणार!

आता दर मंगळवारी जहाज तिकडेच लागते. आणि लवू इकडे खुंट्यावर बसून आहे. मामा धक्क्यावर यायचे आहेत.