कासाराचे चाळीस सोबती

राजा जयकेताला टक्कल पडलंय हे साऱ्या दरबाराला कळलं, आणि शिक्षा झाली धाकोजी न्हाव्याला!

राजाच्या पागोट्याखाली काय आहे, किंवा काय नाही, हे एकट्या धाकोजीला ठाऊक होतं. एके दुपारी राजाने आपल्या टॅबवर गुपचूप शोधलं, ‘टकलावर केस उगवणारं तेल’. तेव्हापासून ते तेल राजाच्या मागेच लागलं! पंचांग उघडावं, तर एकादशीच्या शेजारी तेलाची बाटली. स्तोत्र वाचायला घ्यावं, तर पहिल्या ओळीच्या डोक्यावर ‘टक्कल लपवताय?’ आणि एके दिवशी तर कहर झाला. शेजारच्या राज्याच्या दूताला राजा टॅबवर नव्या धरणाचा नकाशा दाखवत होता, तर धरणाच्या मधोमध तीच बाटली! ‘खास तुमच्यासाठी!’

दूत खोकला. मानकऱ्यांनी आधी पागोट्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

“धाकोजीच फितूर झाला!” राजा कडाडला. “उद्या दुपारच्या नैवेद्याच्या आत त्याला राज्याबाहेर काढा!”

बिचारा धाकोजी! साठी उलटली तरी त्याने कधी गावची वेस ओलांडली नव्हती. त्याची लेक भिवरा राजवाड्याच्या भोजनशाळेत वाढायचं, आवरायचं काम करी. पदर खोचून ती थेट दरबारात आली.

“महाराज, बाबांनी चकार शब्द काढलेला नाही. गुपित सांगितलं ते तुम्हीच!”

“मी? मला काय वेड लागलंय?”

“तोंडाने नाही, अंगठ्याने. कुठलंही पान उघडलं की खाली विचारतात ना, ‘कुकी ठेवू का?’ तेव्हा तुम्ही काय दाबता?”

“‘मान्य’! दुसरं काय दाबणार? माझा चातुर्मासाचा वसा आहे, बाई. दारी येऊन जो मागेल, त्याला नाही म्हणायचं नाही!”

“कुकी म्हणजे खूणचिठ्ठी, महाराज. ती तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवून जातात. मग तुम्ही पंचांगात जा नाहीतर स्तोत्रात जा, तेलवाला चिठ्ठी बघतो आणि म्हणतो, हे तेच, कालचे टकलू!”

दरबारात कोणीतरी फिस्सकन हसलं. राजाने तिकडे डोळे वटारले.

“मग ऐक! माझा वसा मोडता कामा नये, आणि माझी गोष्ट बाहेर जाता कामा नये. उद्या नैवेद्याच्या आत दोन्ही जमवून दाखव. नाहीतर बापाबरोबर तूही चालू लाग!”

प्रधानजी हळूच म्हणाले, “पोरी, हो म्हणावं तर गुपित जातं, नाही म्हणावं तर वसा जातो. तिसरा शब्द आहे कुठे?”

“बघू या. देव काहीतरी सुचवेलच,” भिवरा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजाच्या महालाच्या दारात एक कासार उभा राहिला. हात जोडून म्हणाला, “महाराज, आत येऊ?” आणि मग भराभरा, ओठांतल्या ओठांत, “मी आणि माझे सोबती?”

“ये, ये! नाही कसं म्हणू?”

कासार आत आला. त्याच्या मागून राजवाड्यातले चाळीस नोकरचाकर वह्या घेऊन घुसले! एकाने उशी उचलून पाहिली. “लिहा, महाराज डाव्या कुशीवर झोपतात!” दुसऱ्याने औषधाची पुडी हुंगली. “लिहा, पोट साफ होत नाही!” तिसऱ्याने फडताळ उघडलं आणि आरोळी ठोकली, “लिहा, सोमवारचा उपास, आणि डब्यात चिवडा!”

“अरे, तुम्हाला कोणी बोलावलं?” राजाने डबा छातीशी धरला. “मी एकट्या कासाराला हो म्हटलं होतं!”

भिवरा पुढे आली. “तो ‘मी आणि माझे सोबती’ म्हणाला होता, महाराज. तुम्ही पुढचं ऐकलंच नाहीत. त्या ‘मान्य’च्या वरही बारीक अक्षरांत हेच लिहिलेलं असतं.”

“पण माझा वसा!”

“तुमचा वसा दारी येऊन मागणाऱ्यासाठी. मागणारा कासार. त्याला पाट द्या, पाणी द्या. हे चाळीस जण त्याच्या पाठीला चिकटून आले. त्यांनी कधी तुमच्यापुढे हात जोडले?”

राजाने सकाळच्या पूजेला आलेल्या पुरोहितांकडे पाहिलं. पुरोहितांनी मान डोलावली. चाळीस जण बाहेर गेले.

“पण कासार तर आत आलाच ना! त्यानेही चिठ्ठी ठेवली तर?”

“ठेवू दे की! महाराज, पाहुणा जेवून गेला की त्याच्या पत्रावळीचं आपण काय करतो?”

“उचलून टाकतो. त्यात काय विचारायचं?”

“त्याने पाहुण्याचा अपमान होतो?”

“छे! उलट उष्टं तसंच ठेवलं, तर घराला शोभत नाही.”

“झालं तर मग!” भिवराने टॅब हातात घेतला, सेटिंग उघडली. आधी साठलेल्या सगळ्या चिठ्ठ्या झाडून काढल्या. मग सोबत्यांच्या कुकींना दार बंद केलं. आणि ब्राउझर मिटला की उरलेल्या कुकी आपोआप पुसल्या जातील, अशी खूण केली. “येईल त्याला वाढा, महाराज. उठला की पान उचला. नाही म्हणायची वेळच येत नाही!”

राजाने भीत भीत पंचांग उघडलं. तेल नव्हतं! त्याच्या जागी चक्क तान्ह्या बाळाची लंगोटी झळकत होती.

“हे काय गं?”

“त्याला आता कळत नाहीये, महाराज, समोर राजा आहे की बाळंतीण!”

राजा असा हसला की पागोटं सावरायचंही विसरला. धाकोजीला तिथल्या तिथे मानाने बोलावून घेतलं.

“भिवरा, तुला मनाजोगं बक्षीस देणार! सांग, घरी कोण कोण असतं? तुला काय आवडतं? सणाला काय घेता? कुठल्या दुकानातून घेता?”

भिवराने हात जोडले. “महाराज, तुम्ही त्या तेलवाल्याकडे नोकरीला लागलात का?”

राजा हसून हसून पाटावर बसला आणि काहीएक न विचारता त्याने सोन्याच्या पाटल्यांचा जोड तिच्या ओंजळीत घातला!