गिरिजेचा चुडा

त्या चैत्रात भानगीर महाराजांचा मुक्काम शेलवडीच्या शिवालयात होता. गावात देवाच्या लग्नाची धामधूम चालली होती. हळदीच्या दिवशी तिथे शंकराने केलेली गिरिजेची जुनी स्तुती म्हणतात आणि गिरिजेच्या पायाशी हिरवा चुडा ठेवतात. ठेवतात एवढेच. मूर्तीचा हात पडला दगडाचा, त्यात अखंड बांगडी जाणार कशी?

चुड्याचा मान रंगोबा कासाराचा. त्याची बायको येसू काटकुळी, तोंडावर देवीचे वण. पण घरी तिच्या हातात बांगड्या भरताना रंगोबा तीच स्तुती गुणगुणायचा:

तुझें कंकण वाजतां। तेंचि ध्यान माझ्या चित्ता।
तुजवीण विश्वभर्ता। कोण म्हणे गिरिजे॥

भागीरथी पाटलिणीने हे एकदा त्यांच्या ओसरीवर ऐकले आणि तेव्हापासून तिला अन्न गोड लागेना. तिला रूप होते, हातात सोन्याच्या पाटल्या होत्या, दाराशी गडीमाणसे होती. नवरा मात्र ‘पान वाढ’ यापलीकडे बोलत नसे. आणि या वणांच्या तोंडाला साक्षात गिरिजेची ओवी! श्रोते हो, मत्सर मोठा लबाड. तो स्वतःच्या नावाने कधी येत नाही. पाटलिणीच्या मनात तो धर्माचे सोंग घेऊन शिरला.

हळदीच्या दिवशी भर मंडपात ती उभी राहिली. “देवाची ओवी ह्यो कासार बायकोला म्हणतो. अन् बायको तरी कसली! तिनं तोंड बघितलंय का कधी पाण्यात? असल्याच्या हातचा चुडा गिरिजेला चालत असंल, तर तिनं तो हातात भरून घ्यावा. नाहीतर दोघांनी गाव सोडावं.”

बायका पदराआड हसल्या. येसूने मान खाली घातली. पाटलांनी नुसती मान हलवली, पण पाटलांचा होकार म्हणजे गावाचा निवाडा.

रंगोबाने मूर्तीपुढे बसून चाचरत ओवी धरली, बांगडी दगडी बोटांवर चढवली. ती पेरांशी अडली. जरा जोर लावला तर वाढलीच. काचा पायरीवर सांडल्या. पाटलिणीला कितीतरी दिवसांनी आतून बरे वाटले.

महाराज खांबाला टेकून बसले होते. ते म्हणाले, “रंगोबा, तू भिऊन म्हणतो आहेस. घरी कुणाकडे बघून म्हणतोस?”

“येसूकडं, महाराज.”

“मग तिला समोर बसव. अरे, शंकराने ही स्तुती स्वतःच्या बायकोचीच केली ना? नवऱ्याच्या तोंडी ती विटाळेल कशी?”

येसू गिरिजेशेजारी येऊन बसली. रंगोबाने तिच्याकडे पाहिले आणि त्याचा आवाज सुटला. हात मूर्तीकडे, डोळे येसूकडे! आणि काय सांगावे, सवाशीण अंगठा आत घेऊन हात सैल सोडते, तशी ती दगडी बोटे मिटली. बांगडी मनगटावर उतरली, तिच्यामागून दुसरी, आणि दोन्ही किणकिणल्या. मंडपात हरहर महादेवचा गजर झाला.

पाटलीण मात्र मूर्तीकडे पाहत नव्हती. ती रंगोबाच्या डोळ्यांकडे पाहत होती. तिला गावाचा विटाळ धुवायचा नव्हता, तिला तसे पाहणारे डोळे हवे होते. हे तिला तिथे उभ्या उभ्या कळले आणि तिने महाराजांच्या पायांवर डोके ठेवले.

“महाराज, म्या धर्माचं नाव घेतलं. खरं तर माझा जीव जळत होता. माझ्याकडं असं कुणी कधी बघितलंच न्हाई.”

“जिचा अपराध केलास तिच्याकडे जा, बाई,” महाराज म्हणाले.

तिने येसूपुढे माथा टेकला. येसूने तिला घाईघाईने उठवले आणि तिच्या कपाळाची धूळ पदराने पुसली. “पाटलीणबाई, असं करू नगा. बसा माझ्याजवळ.”

महाराजांनी चुड्याच्या ताटातली एक बांगडी उचलून पाटलांपुढे धरली. “पाटील, ही तुम्ही भरा.”

पाटील गावादेखत बायकोपुढे बसले. नांगराच्या मुठीला सरावलेला तो हात, त्याला बांगडी कशी धरतात तेही ठाऊक नव्हते. पेरांवर ती अडली, कातडे सोलवटले. पाटील थबकले. त्यांनी वर पाहिले, बहुधा लग्नानंतर पहिल्यांदाच नीट पाहिले.

“दुखतंय का गं?”

“न्हाई,” भागीरथी म्हणाली आणि तिने दुसराही हात पुढे केला.