बेडूक, घोरपड आणि पडद्याचा काठ

टीव्हीला जाड वायर जोडून चौकोनी ठिपक्यांचे खेळ खेळायचे, तेव्हाची ही गोष्ट. अशाच एका खेळात एक गाव होतं आणि त्या गावात एक बेडूक आणि एक घोरपड राहत होते. खऱ्या रानात घोरपडीने बेडकाला केव्हाच मटकावलं असतं. पण हा पडला खेळ, आणि खेळात त्या दोघांची जोडी होती.

एके दिवशी गडावरच्या बोक्याने गावातल्या कोंबडीची तीन पिल्लं पळवली. कोंबडी रडत रडत दोघांकडे आली.

"माझी लेकरं आणून द्या रे कुणीतरी!"

बेडकाने गळा फुगवला. "आणतो म्हणजे काय, हा गेलो आणि हा आलो!"

खेळाचे नियम साधे होते. गड उजवीकडे, म्हणून चालायचं ते उजवीकडेच. दोघांना मिळून तीन जीव, त्यांचे तीन लाल बदाम वर कोपऱ्यात लुकलुकत असत. दोघांपैकी एक जरी गेला, तरी एक बदाम विझायचा आणि दोघांनाही गावच्या वडाखालून पुन्हा सुरुवात करावी लागायची. तिन्ही विझले की खेळ खलास, आणि पिल्लं कायमची बोक्याच्या पिंजऱ्यात.

बेडूक निघाला तो सुसाटच. विटेवरून विटेवर, ढगावरून ढगावर, वाटेतली लालचुटूक बोरं गट्टम करत. तेवढ्यात मागे कुठेतरी 'फुस्स' झालं, एक बदाम विझला आणि बेडूक पुन्हा वडाखाली!

"कुठे पडलीस गं?" तो घोरपडीवर खेकसला.

"पडले नाही रे, मला मागून..."

"बरं बरं, जरा पाय उचल!" असं म्हणून स्वारी ढगावर पोचलीसुद्धा.

दुसऱ्या खेपेला तर गडाचा बुरूज दिसायला लागला होता. पुन्हा 'फुस्स'. पुन्हा वड. बेडकाला इतका राग आला की तो घोरपडीशी बोललाच नाही. असली सुस्त जोडीदारीण आपल्याच वाट्याला का यावी, हे त्याला कळेना.

आता एकच बदाम उरला होता. बेडूक जिवाच्या आकांताने उड्या मारत तळ्यापाशी आला. तळ्यावर एक तरंगती फळी ये-जा करत होती. ती काठाला लागली, बेडकाने पाय उचलला आणि मागून हाक आली, "थांब रे!"

हाका त्याने आधीही ऐकल्या होत्या. मागे वळून मात्र कधी पाहिलं नव्हतं. बोरं, ढग, गड, सगळं उजवीकडे असताना डावीकडे पाहायचं तरी कशाला? पण शेवटच्या बदामाने त्याला धास्ती भरली होती. त्याने मान वळवली.

घोरपड जीव तोडून पळत होती. तिच्या पाठीला पडद्याचा डावा काठ अगदी चिकटला होता आणि शेपटीचं टोक त्याने पुसूनही टाकलं होतं.

बेडकाने उचललेला पाय खाली ठेवला. काठ थांबला. त्याने एक पाऊल पुढे टाकून पाहिलं. काठ एक पाऊल पुढे सरकला.

आता कुठे बेडकाला उमगलं. तो पुढे गेला की पडदा त्याच्यामागे सरकत होता, आणि पडद्याचा काठ घोरपडीला गिळत होता. दोन्ही बदाम त्यानेच विझवले होते!

फळी निघून गेली. बेडूक जागचा हलला नाही.

घोरपड धापा टाकत पोचली. "कधीची हाका मारतेय मी!"

"चुकलं माझं," बेडूक म्हणाला. "तुला आळशी समजत होतो मी."

मग त्याने एक उडी मारावी, तिला येऊ द्यावं, मग दुसरी मारावी, असं करत दोघं बुरुजापाशी आले. बोका पुढच्या दारात बसलेला, त्यामुळे मागच्या भिंतीवरूनच चढायला हवं होतं. बेडकाने उडी मारली आणि तो निम्म्यावरून खाली आला. पुन्हा मारली, पुन्हा आपटला. तिसऱ्यांदा तो नुसता वर बघत बसला.

"शेपटी धर," घोरपड म्हणाली. "थोडी आखूड झालीय, पण पुरेल."

तिने दगडात नखं रोवली आणि एकेक पाय टाकत ती सरळ माथ्यावर गेली, शेपटीला लोंबकळणाऱ्या बेडकासकट. वर पिंजऱ्याला साधी कडी होती; ती काढून दोघांनी पिल्लांना पलीकडे उतरवलं. बोका खाली उन्हात घोरत होता. भिंतीवरून कुणी येईल, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

गडापलीकडे, खेळ जिथे संपायचा त्या झेंड्याखाली कोंबडी वाट पाहत उभी होती. दोन पिल्लं तिच्याकडे धावत सुटली. तिसरं, सगळ्यात धाकटं, वाटेतल्या बोराला चोच मारून बघत मागेच, पडद्याच्या डाव्या काठाशी रेंगाळलं. झेंडा फक्त एका उडीवर होता. बेडूक मात्र पाय पोटाशी घेऊन मजेत खाली बसला.

"काय रे, नाही का मारायची उडी?" घोरपडीने विचारलं.

"मारू की," बेडूक म्हणाला. "त्याचं बोर तर संपू दे."

तात्पर्य: मागे राहणाऱ्याला सुस्त म्हणण्याआधी, आपल्याच धावण्याने त्याच्या पायाखालची वाट सरकत नाही ना, ते एकदा मागे वळून पाहावं.