काळ्या डोहाची ओळ

खूप जुनी गोष्ट आहे. तेव्हा प्राणी लिहीत-वाचत असत आणि माणसांना अजून अक्षरओळखही नव्हती.

एका डोंगरावर एक साळिंदरीण राहत होती. अंगावरून गळालेला काटा ती जांभळाच्या रसात बुडवायची आणि ताडाच्या पानांवर लिहायची. एका वर्षी पाऊस कमी झाला, तेव्हा तिनं पाणवठ्यांची पोथी लिहायला घेतली. उन्हाळ्यात कुणी कुठं पाणी प्यावं, हे साऱ्या रानाला कळावं म्हणून.

त्या रानाची एक रीत होती. दुसऱ्याकडून कळलेली गोष्ट लिहिली, की त्या ओळीशेजारी सांगणाऱ्याच्या पायाचा ठसा घ्यायचा. वाचणाऱ्याला शंका आली, तर ठसा ओळखून त्याला जाऊन विचारता यावं.

रीत सोपी वाटते ना? साळिंदरिणीलाही वाटली होती. पण लिहायला बसली आणि तिचं डोकंच चालेना. पाणी उताराकडे वाहतं, हे तिला आईनं सांगितलं होतं. मग आईचा ठसा हवा का? झऱ्याची वाट माकडानं सांगितली, पण नंतर ती स्वतः जाऊन पाहून आली. आता ती गोष्ट माकडाची की तिची? चूक नको म्हणून तिनं सरसकट सगळ्या ओळींना ठसे घेतले. 'उन्हाळ्यात ऊन असतं' या ओळीलासुद्धा सशाचा ठसा! पानं इतकी बरबटली की अक्षरं दिसेनात. माकडं पोट धरधरून हसली.

रडकुंडीला येऊन ती म्हाताऱ्या कासवाकडे गेली.

"आजोबा, ठसा कुठं घ्यायचा नि कुठं नाही, मला काही उमगत नाही."

"अगं, जे सगळ्यांना ठाऊक आहे, त्याला कशाला ठसा?"

"पण सगळे म्हणजे कोण, आजोबा?"

तोवर कासवानं मान आत ओढून घेतली होती. मोठ्यांचं असंच असतं, अर्धं सांगतात आणि झोपतात.

तिनं पोथी नव्यानं लिहिली आणि एका ओळीपाशी पुन्हा अडली. 'उन्हाळ्यात काळ्या डोहावर हिरवी साय धरते, तेव्हा ते पाणी विषारी होतं.' हे तिला अस्वलिणीनं सांगितलं होतं. त्या पाण्यानं अस्वलिणीचं पिल्लू गेलं होतं.

"तुला ठाऊक आहे का रे हे?" तिनं सशाला विचारलं.

"हे कुणाला ठाऊक नाही?" ससा म्हणाला. खवल्या मांजरही तेच म्हणालं. डोंगरावरच्या पोरासोरांनाही ते माहीत होतं. शिवाय त्या दुःखी आईला पाय पुढं कर म्हणायचं साळिंदरिणीच्या जिवावर आलं. घ्यावा की न घ्यावा, घ्यावा की न घ्यावा, असं करता करता तिनं ती जागा कोरीच सोडली.

उन्हाळा आला. पायथ्याच्या रानातले झरे आटले. तिथल्या चितळांच्या कळपाला काळा डोह जवळ होता, दुसरं पाणी फार लांब. पाडसांच्या जिभा बाहेर आल्या होत्या. कळपातल्या थोरल्या हरिणीनं डोंगरावरून आलेली पोथी उघडली.

"बाकीच्या पाणवठ्यांच्या ओळींना ठसे आहेत, हिलाच कसा नाही?" ती म्हणाली. "ऐकीव असेल काहीतरी. विचारायचं तरी कुणाला?"

तिनं कळप डोहावर नेला. तहानलेली पाडसं आधी प्यायली. संध्याकाळपर्यंत त्यातलं एकही उभं राहिलं नाही.

बातमी ऐकून साळिंदरीण धावत खाली आली. "मी लिहिलं होतं गं!" ती ओरडली.

"लिहिलं होतंस," हरिणी म्हणाली. "मग ठसा का नव्हता?"

"आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक होतं."

"आम्ही तुमच्याकडचे नव्हतो, साळूताई."

साळिंदरिणीनं पोथी उचलली. ती तशीच डोंगर चढली आणि तिनं पोथी अस्वलिणीपुढं धरली. अस्वलिणीनं पाय रसात बुडवला आणि त्या ओळीशेजारी घट्ट टेकवला. "मला विचारायचं होतंस गं," ती म्हणाली. "माझं पिल्लू गेलं, निदान त्यांची तरी वाचली असती."

म्हणून मुलांनो, आणि मोठ्यांनोही, लिहिताना आपल्या माणसांना काय ठाऊक आहे ते पाहू नये, वाचणाऱ्या परक्याला काय ठाऊक नसेल ते पाहावं आणि तिथं सांगणाऱ्याचं नाव द्यावं.