जस्ताचा मान

श्रीउदासनाथ महाराज आसरवाडीस आले, त्या सकाळी तान्हूबाई ओतारणीच्या अंगणात एक भट्टी, एक भाता, एक सांडशी, एक परात, एक तराजू, धातू वितळवायची मातीची एक मूस, घंटेचा वाळलेला साचा, आठ शेर मोडीचे तांबे आणि चार शेर जस्त एवढे सामान मांडलेले होते. महाराजांनी एकेक वस्तू निरखून पाहिली, खांद्यावरचे काळे घोंगडे दोन कडुनिंबांच्या मध्ये छतासारखे बांधले आणि त्याच्या सावलीत ते बसले. नाव उदासनाथ, पण हसू असे, की रडते मूलही पाहत राहावे!

तान्हूबाई विधवा. नवऱ्यामागे तिने भट्टी विझू दिली नाही. गावच्या महादेवाला आपल्या हातची पितळी घंटा वाहायची, हा तिचा नवस. तांबे घरोघरच्या फुटक्या हंड्या-कळशांचे होते. जस्त देवळाचे कारभारी विसाजीपंत यांनी दिले होते.

पंत आले ते छाती काढूनच. "तान्हू, मुशीत आमचं जस्त आधी पडलं पाहिजे. मान आमचा!"

"पंत, जस्त मागून घालतात, तांबं वितळल्यावर. सासरे म्हणायचे, जस्ताला आगीत दम निघत नाही."

"लोकांच्या फुटक्या हंड्या आधी, आणि कारभाऱ्याचं जस्त मागून? वा गं वा! ते चांगलं लालभडक होईतो तांब्याला हात लावायचा नाही. आम्ही स्नान करून येतो."

तान्हूबाईने महाराजांकडे पाहिले. महाराज म्हणाले, "त्यांचा मान त्यांना मिळू दे, माय. तू नाम घे आणि भाता ओढ."

जस्त पाहता पाहता पातळ झाले. मग ते उकळू लागले. मुशीच्या तोंडाशी हिरवट निळी ज्वाळा उठली आणि दाट पांढरा धूर निघाला. नदीकडून असा वारा सुटला होता, की अंगणातला पाचोळा कुंपणापार उडत होता. पण काय सांगावे! तो धूर वाऱ्याला वश झाला नाही. कोकरू आईच्या पोटाखाली शिरावे, तसा तो वळून महाराजांच्या घोंगड्याखाली शिरला. महाराज तिथेच बसून राहिले. त्यांना साधा ठसकाही लागला नाही.

पंत ओलेत्याने परतले, तो मूस रिकामी.

"जस्त कुठं गेलं?"

"उडालं, पंत."

"उडालं? पोपट होता का तो? अगं, धूर लाकडाचा होतो, धातूचा होत नाही! देवाचं जस्त लपवतेस? विझव ही भट्टी. उद्यापासून देवळाची पायरी चढायची नाही!"

तान्हूबाईने सांडशी खाली ठेवली. ती महाराजांच्या पायांशी बसली. "महाराज, घंटा नाही झाली तरी चालेल. पण चोरटी म्हणून नाव नको."

महाराज उठले. "पंत, पहिला मान ज्याला हवा, तोच आधी उडतो. पण देवाला वाहिलेलं वाया जात नाही, बरं!" असे म्हणून त्यांनी घोंगडे सोडले आणि परातीवर झटकले. पिंजलेल्या लोकरीसारखे काहीतरी त्यातून पडू लागले. गरम होते तोवर ते पिवळसर दिसे. निवताच शुभ्र होई. परात शिगोशीग भरली, तरी घोंगडे रिते होईना!

"हे घ्या तुमचं जस्त. जस्ताचं फूल म्हणतात याला."

"हा कापूस?" पंत हसले. "याचं वजन चार शेर?"

"तराजू आहे की समोर."

पंतांनी एका पारड्यात चार शेरांचे माप ठेवले आणि दुसऱ्यात ते फूल चेपून चेपून भरले. फुलाचे पारडे जमिनीला टेकले. कुणी खालून ओढते की काय, म्हणून पंतांनी पारड्याखाली हात घालून पाहिला. तिथे कोणी नव्हते. तो हात तसाच महाराजांच्या चरणांकडे गेला, आणि मागोमाग मस्तकही.

मग ते उठले आणि ओतारणीपुढे हात जोडून म्हणाले, "तान्हूबाई, मी चुकलो. घरून दुसरं जस्त आणतो. ते मागून घाला."

"आणा," महाराज हसत म्हणाले. "पण आधी हे वजन तरी पुरं करा."

पंतांनी मापाच्या पारड्यात आणखी एक शेर ठेवला. काटा सरळ उभा राहिला. चार शेर जस्ताचे फूल पाच शेर भरले.